वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ आहे का कुणाकडे?

परवा रात्री साडेदहा वाजता आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मॅडमचा मेसेज पडला, "दुसरीच्या वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ आहे का कुणाकडे? अर्जंट आहे." म्हणजे निकालात प्रत्येक पोराबद्दल लिहायची वाक्यं, तयार. पाच मिनिटात सात पीडीएफ आल्या. त्यातल्या एकीत तर विषयवार, श्रेणीवार आणि वर मुलगा-मुलगी असं वेगळं करून दिलेलं, म्हणजे 'वाचतो'चं 'वाचते' करायचे पण कष्ट नकोत. मग हात जोडलेले, अंगठे, गुलाबाची फुलं, आणि ग्रुप झोपला. मी पण एक डाउनलोड केली. खोटं कशाला बोलू, एप्रिल आहे, निकालपत्रकं करायचीत, उन्हाने डोकं उठलंय आणि माझ्याकडे दुसरी-तिसरी असे दोन वर्ग आहेत.

पण झोप काही येईना. त्या पीडीएफमधलं एक वाक्य डोक्यात अडकून बसलं, 'ऐकलेली कथा स्वतःच्या शब्दात सांगतो.' आता माझ्या दुसरीत हे वाक्य ज्याच्या नावापुढे खरंच शोभेल असं एकच पोरगं आहे, आणि ते दिवाळीनंतर शाळेत नव्हतंच, आईबापाच्या कोयत्याबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं, आत्ता पाडव्यानंतर परत आलं. बीडकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. आणि बाकी ज्या पोरांच्या पुढे मी ते वाक्य चिकटवणार होते त्यांना कथा सांग म्हटलं की ती पुस्तकातलं पहिलं वाक्य पाठ म्हणतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

जे शिक्षक नाहीत त्यांना ही काय भानगड आहे ते सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि त्यानंतर ऑगस्ट २०१० मध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. नाव एवढं लांब की सगळे सीसीईच म्हणतात. त्यात दोन भाग, आकारिक आणि संकलित. आकारिक म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता बघायचं, त्याची आठ साधनं दिलेली, रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय वगैरे, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी घ्यायची परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के वजन आणि संकलितला ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, आणि सातवी-आठवीपर्यंत जाता जाता ते उलटं होऊन ४०-६०, असं तेव्हा ठरलं; पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आली. मार्क नाही द्यायचे, श्रेणी द्यायची, अ-१ पासून इ-२ पर्यंत. आणि श्रेणीच्या जोडीला प्रत्येक पोराबद्दल शब्दात लिहायचं, विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. ह्याच त्या वर्णनात्मक नोंदी.

कागदावर वाचलं तर याच्याइतकी चांगली गोष्ट नाही हो. मी २०१० लाच नोकरीला लागले, त्यामुळे सीसीई आणि मी एकाच वयाच्या. पहिल्या वर्षी मी खरोखर वही केली होती, प्रत्येक पोराला दोन पानं. दुसऱ्या वर्षी दप्तर तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही बाजूला सारली आणि विचारलं, "नमुन्यातली नोंदवही कुठाय?" नमुन्यातली केली. मग नमुन्यात भरायची तर वाक्यं पण नमुन्यातली बरी पडतात, वाद होत नाही, आणि तिथून पीडीएफपर्यंतचा रस्ता सरळ उताराचा आहे.

डीएडला आम्हाला मापन आणि मूल्यमापन यातला फरक शिकवला होता, पाच मार्काला यायचा. तेव्हा पाठ केला, कळला बराच नंतर. पोराचं वजन सोळा किलो, हे मापन. सात वर्षाच्या पोराला हे कमी आहे, घरी काय शिजतंय ते विचारा, खिचडी दुसऱ्यांदा वाढा, हे मूल्यमापन. म्हणजे आकड्याच्या पुढे 'मग?' आलं पाहिजे. आमच्याकडे त्या 'मग?'चा रकानाच नाही, असला तरी तो भरायला पण पीडीएफ आहे.

आकारिक-संकलित ही जोडी आपल्याकडची नाही, मायकल स्क्रिव्हन नावाच्या विद्वानाने १९६७ मध्ये हा फरक पहिल्यांदा मांडला. तो बोलत होता अभ्यासक्रमांबद्दल, म्हणजे अभ्यासक्रम बनत असताना तपासून सुधारायचा का बनल्यावर ठेवायचा की फेकायचा ते ठरवायला तपासायचं, हे दोन वेगळे हेतू आहेत, एकाच गोष्टीची दोन नावं नाहीत. याच्यावर रॉबर्ट स्टेकच्या नावाने सूपचं उदाहरण सांगतात, आचाऱ्याने चाखलं तर आकारिक, पाहुण्याने चाखलं तर संकलित. मला सूपपेक्षा आमटी जवळची. माझ्या सासूबाई आमटी उकळताना पळीने तळहातावर एक थेंब घेतात, चाटतात, आणि त्यांचा दुसरा हात तेवढ्यात मिठाच्या डब्याकडे गेलेला असतो, विचार करायला मध्ये वेळच नाही. आम्ही शाळेत काय करतो, थेंब चाटतो, वहीत 'मीठ कमी' असं लिहितो, तारीख टाकतो, सही करतो, आणि ताटं वाढतो. वर्षातून सोळा वेळा चाखलं याचा पुरावा आहे आमच्याकडे, फोटोसकट. आमटी तशीच.

आता मला हे सुचलं ते काही माझ्या हुशारीने नाही. २००८ साली डीएडच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही 'असर'च्या सर्व्हेला गेलो होतो. पोरांना वाचता येतं का, साधं गणित येतं का ते बघायला 'प्रथम' नावाच्या संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेला हा सर्व्हे, प्रथमची सुरुवात आपल्या मुंबईच्या वस्त्यांमधली. हा सर्व्हे शाळेत नाही होत, घरी होतो, कारण शाळेत गेलात तर आलेली पोरंच दिसतात, न आलेली दिसत नाहीत. जिल्ह्यातून तीस गावं, गावातून वीस घरं. आधी गावात फिरून लोकांना विचारत विचारत नकाशा काढायचा, आम्ही तो मारुतीच्या पारावर बसून काढला आणि पाच म्हाताऱ्यांनी पाच वेळा दुरुस्त केला, मग गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागाच्या मध्यात उभं राहायचं आणि डाव्या हाताने चालत प्रत्येक पाचवं घर घ्यायचं. पाचवं म्हणजे पाचवं. समोर पाटलाचा वाडा असला आणि चहाला बोलवत असले तरी नाही. घर म्हणजे काय, तर एका चुलीवर जेवणारी माणसं. ही व्याख्या मला अजून आवडते, भिंती मोजायच्या नाहीत, चुली मोजायच्या.

मग पोराला एक कागद द्यायचा. त्यावर चार गोष्टी, अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून. वाचला तर गोष्टीकडे जायचं, अडलं तर शब्दांकडे, शब्द नाही आले तर अक्षरांकडे, पाचातली चार बरोबर आली की ती पातळी. जिथे पोरगं टेकेल तिथे खूण. पोरगं चौथीत असो का आठवीत, कागद तोच. गणिताचं पण तसंच, आकडे ओळखणं, हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं. एका पोराला फार वेळ लागत नाही, दहावी झालेला कुणीही करू शकतो, आणि आईबापासमोर होतं. डीएडच्या पुस्तकात विश्वसनीयता, सप्रमाणता, वस्तुनिष्ठता, व्यवहार्यता असे चांगल्या चाचणीचे गुण पाठ केलेले, ते एका कागदावर मला त्या ओसरीवर दिसले.

त्या गावात एका घरी चौथीतली मुलगी होती. बाप मोठ्या कौतुकाने म्हणाला, आमची पहिल्या नंबरात असते, मॅडम, आणि तिला म्हणाला दाखव वाचून. तिने बालभारती काढली आणि धडा असा वाचला की मी खूश, खाडखाड, स्वल्पविरामाला थांबून. नंतर माझ्या लक्षात आलं की पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य तोंडातून आलेलं. मी असरचा कागद हातात दिला. उतारा नाही. शब्द, दोन आले. अक्षरं आली. बाप शेजारी उकिडवा बसलेला, त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं, इतकी वर्षं तो ऐकून खूश होत होता. त्याला पहिल्यांदा कळलं. शाळेने चार वर्षात सांगितलं नव्हतं ते मी पाच मिनिटात सांगितलं, आणि मला तेव्हा फार भारी वगैरे वाटलं होतं. मग त्याने विचारलं, "बरं, मग आता काय करायचं, मॅडम?"

मला काहीच सांगता आलं नाही. आम्हाला खूण करायला सांगितलेलं. मी 'अक्षर'वर खूण केली, चहा घेतला आणि डाव्या हाताने पाचव्या घराकडे निघाले.

हा प्रश्न माझ्या एकटीला पडला नव्हता हे मला पुढे दहाएक वर्षांनी कळलं. २०१९ ला अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा पेपरात त्यांच्या कामाबद्दल येत होतं, त्यात प्रथमचं नाव वाचलं म्हणून शोधत गेले. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात त्यातल्या बॅनर्जी आणि डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर २८० गावांमध्ये हेच करून बघितलं होतं. काही गावांत बैठका घेऊन लोकांना शाळा समितीचे हक्क सांगितले, काही गावांत त्याच्याही पुढे जाऊन लोकांनाच पोरांचं वाचन तपासायला शिकवलं, म्हणजे गावाने स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतः बनवलं, काही गावांत हे सगळं आणि वर गावातल्याच तरुण पोरापोरींना वाचन वर्ग घ्यायला शिकवलं, आणि उरलेल्या गावांत काहीच नाही, ती तुलनेला. निकाल काय आला माहितीय? नुसतं कळवून शाळेत काही हललं नाही. गुरुजी तेवढेच आले, पोरं तेवढीच शिकली. जिथे वाचन वर्ग झाले तिथे, आणि त्यातही जी पोरं त्या वर्गांना जाऊन बसली, ती वाचायला लागली.

मला त्या ओसरीवरचा बाप आठवला. त्याला खरं कळल्यामुळे त्याच्या मुलीचं एक अक्षर वाढलेलं नसणार.

त्याच मंडळींचा आधीचा एक अभ्यास मुंबई आणि वडोदऱ्याचा आहे, बालसखी. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी घ्यायची, थोडं प्रशिक्षण द्यायचं, तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस पोरं तिने रोज दोन तास वेगळी घेऊन बसायचं आणि त्यांना जिथे अडलंय तिथून शिकवायचं. कुठल्या शाळेत कुठल्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं म्हणून तुलना नीट करता आली. मागची पोरं पुढे सरकली, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त. आणि गंमत म्हणजे फायदा झाला तो बाहेर बसलेल्या पोरांना, वर्ग छोटा झाला म्हणून आत राहिलेल्या पोरांना विशेष काही झाला नाही. म्हणजे पोरं कमी असणं हे औषध नव्हतं, अडलंय तिथून शिकवणं हे औषध होतं. आता ही गोष्ट कुठल्याही अनुभवी बाईला विचारा ती म्हणेल त्यात काय मोठं, पण 'त्यात काय मोठं' आणि 'मोजून दाखवलं' यात फरक असतो, कारण त्याच अनुभवी बाईने पोरं कमी केली की सगळं नीट होईल हे पण तितक्याच ठामपणे सांगितलं असतं. मी सांगितलं असतं.

हे वाचल्यापासून मी माझ्या वर्गात इयत्ता मोडून पातळीने बसवते, रोज दीड तास, अक्षरवाले, शब्दवाले, उताऱ्यावाले. आमच्या एचएम सरांचं, म्हणजे मुख्याध्यापकांचं म्हणणं, बसवा, पण साहेब आले की दुसरी इकडे तिसरी तिकडे. चालतं.

तर पहिल्या वर्षी जूनमध्ये माझ्याकडे गोष्ट वाचणारी तीन पोरं होती आणि फेब्रुवारीत चौदा झाली, तेवीसातली. मी फोटो काढला, स्टेटसला ठेवला. मग बाजूच्या वस्तीवरच्या मॅडम, माझ्या जवळच्या आहेत, त्यांनी चहा पिता पिता सहज विचारलं, "पण तू काही केलं नसतंस तर किती झाली असती?" राग आला मला. पण बरोबर होतं ना. पोरं आठ महिन्यांनी मोठी होतातच, काही ना काही वाचायला लागतातच, मोठी बहीण शिकवते, मोबाईलवर बघतात. चौदातली माझी किती आणि वयाची किती?

याच्यावर आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण शाळेतलं नाही, दवाखान्यातलं आहे, गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घ्यायची पद्धत बसवली, वजन, ताप, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं इथपर्यंत. ३९ गावांत काम केलं, पण सोबत ४७ गावं तुलनेला धरली, तिथलेही जन्ममृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले. आणि काम सुरू करायच्या आधी १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं आधीची परिस्थिती मोजण्यात घालवली, हे मला फार मोठं वाटतं, आपल्याला तर उद्घाटन केल्याशिवाय राहवत नाही. तिसऱ्या वर्षी काम केलेल्या गावांत जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणारी बाळं दर हजारी साधारण पंचवीस, आणि तुलनेच्या गावांत साधारण साठ. सुरुवातीचे आकडे जमेस धरले तर नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ती ४७ गावं नसती तर कुणीही म्हटलं असतं रस्ता झाला म्हणून कमी झालं, पाऊस बरा झाला म्हणून कमी झालं. आज आमच्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी वजनकाटा घेऊन जाते ना, त्याची मुळं त्या मोजण्यात आहेत. इथे मोजून झाल्यावर 'मग?' आला.

मी काय ४७ गावं आणणार. त्या वस्तीवरच्या मॅडम आणि मी, आम्ही दोघींनी मग एक साधी गोष्ट ठरवली, माझी पोरं त्यांनी तपासायची आणि त्यांची मी. कागद एकच, पण माणूस परका. माझी चौदा पोरं त्यांच्यासमोर नऊ झाली. त्यांची अकराची सहा झाली, तेवढाच आधार. आधी वाटलं पोरं बुजली असतील, मग त्या मॅडमनी मला एक सांगितलं, "अगं, तू पोरगं वाचत असताना तोंड हलवतेस." आणि खरंच हलवते, नवऱ्याला व्हिडिओ काढायला लावला तेव्हा दिसलं, पोरगं 'प' म्हणून थांबलं की माझे ओठ आपोआप 'पतंग'ला लागतात आणि ते कार्टं वाचत नाही, माझ्या ओठांकडे बघतं. मी खोटं करत नव्हते. पोरांना वाचता यायला हवं होतं मला, एवढंच. स्वतःच्या पोरांची परीक्षा स्वतः घेणाऱ्या कुठल्याही माणसाचे ओठ हलतातच, मग तो सरकारी योजनेचा अहवाल त्याच खात्याने लिहिलेला असो का स्वतःच्या ब्लॉगची स्तुती असो.

आता दुसरी बाजू. परक्या माणसाने मोजलं की सगळं खरं येतं असं पण नाही. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत हे सरकारी अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक पोराला वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे, हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही, करोनात पोरांचं जे झालं ते आम्ही डोळ्याने बघितलंय. असरचेच आकडे बघा, देशात ग्रामीण भागात तिसरीतली दुसरीच्या पातळीचं वाचणारी पोरं २०१८ ला २७.३ टक्के होती ती २०२२ ला २०.५ वर आली. तर निपुणमध्ये तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं ठेवलेलं. यातला 'समजून' हा शब्द दिल्लीहून आमच्या केंद्रापर्यंत येईस्तोवर कुठल्या तरी स्टँडवर उतरून गेला. राहिलं काय, मिनिट आणि साठ. पोरांनी मोबाईलचा टायमर लावून शर्यती लावल्या. माझ्याकडची एक तिसरीतली चिमुरडी, वाचते कशी तर लाल परीच्या कंडक्टरने थांबे म्हणावेत तशी, एका दमात, पूर्णविराम वगैरे लागतच नाही. बहात्तर शब्द! मी विचारलं, शाब्बास, बरं सांग त्या शेळीचं पुढे काय झालं? तिने टायमरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, ते मोजायचं नाही ना?"

डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात लिहून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर जेवढे जास्त निर्णय घ्यायला लागाल तेवढा तो आकडा बिघडवायची माणसांना ओढ लागते आणि तो आकडा ज्या गोष्टीसाठी होता ती गोष्टही बिघडते. त्याला माझ्या चिमुरडीने पाच शब्दांत हरवलं.

दहावीच्या निकालाचं तर बघूच नका. म्हणजे बघा. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के, २०१९ ला ७७.१०, २०२० ला ९५.३०. आता महाराष्ट्रातली पोरं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी विद्वान झाली असं काही नाही. २०१९ ला अभ्यासक्रम नवीन होता आणि भाषांचे शाळेने द्यायचे वीस गुण काढून टाकले होते, २०२० ला ते परत आले, आणि वर लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५. माझा भाचा २०१९ चा. त्याला पासष्ट टक्के पडले, त्याच्या धाकट्या भावाला पुढच्या वर्षी चौऱ्याऐंशी, आणि घरात अजून धाकटा हुशार समजला जातो. मोठ्याला विचारा पट्टी बदलली म्हणजे काय होतं. शाळेने द्यायचे वीस मार्क चांगले की वाईट यावर मी ठामपणे बोलू शकत नाही, कारण माझेही ओठ हलतात हे मला माहितीय, पण तोंडी मार्क काढून टाकले की जे पोरगं छान बोलतं पण लिहिताना अडतं ते गेलंच.

माझा भाऊ पुण्यात आयटीत आहे, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला ताई, आमच्याकडे तर पाच जणांच्या टीममध्ये पाचही जणांनी चांगलं काम केलं तरी एकाला खालचं रेटिंग द्यावंच लागतं, कर्व्ह बसला पाहिजे. मी म्हटलं आमच्याकडे सगळ्यांना वरचं द्यावं लागतं, सरकारी पोर्टल हिरवं दिसलं पाहिजे. दोघंही हसलो. मग तो म्हणाला त्याच्या मॅनेजरकडे फीडबॅकची वाक्यं तयार असतात, कॉपी-पेस्ट. मी काही बोलले नाही, पीडीएफ फोनमध्येच होती.

तर परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून उठले आणि नोंदवही काढली. त्या फडावरून आलेल्या पोराचं पान उघडलं. दुसऱ्या सत्राचं आकारिक पूर्ण कोरं, कारण तो नव्हताच. पण ऑनलाइन भरताना रकाना कोरा सोडला की पुढे जाता येत नाही, म्हणजे जे पोरगं नव्हतं त्याचं मूल्यमापन मला करावंच लागणार, आणि काहीही भरलं तरी कुणी विचारणार नाही. पीडीएफमधल्या क-१ च्या नोंदी त्याला चपखल बसल्या असत्या, 'सूचनांचे पालन करतो', 'वाचनात सातत्य हवे'. सातत्य हवे! ते मुकादमाला सांगा.

पाडव्यानंतर तो आला तेव्हा मी त्याला पातळी बघायला कागद दिला होता, शब्दावर टेकला, दिवाळीला पण तिथेच होता. म्हणजे मागे पण गेला नाही, हे मला त्यावेळी नीट दिसलंच नाही, पाचएक महिने पुस्तकाचं तोंड न बघता पोरगं होतं तिथेच राहिलंय. कागद बाजूला ठेवून मी म्हटलं बरं गोष्ट सांग, आणि त्याने फडावरच्या कोपीशेजारच्या, म्हणजे झोपडीशेजारच्या एका म्हातारीकडून ऐकलेली कोल्ह्याची गोष्ट सांगितली, कोल्ह्याचा आवाज वेगळा, कोंबड्याचा वेगळा, मध्येच खाली बसून कोल्हा कसा दबा धरतो ते. अख्खा वर्ग गप्प. तिसरीची पोरं पण तोंड उघडून.

मी वहीत लिहिलं: 'ऐकलेली गोष्ट आवाज बदलून, हावभाव करून, न अडखळता सांगतो. शब्द वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो. जूनमध्ये त्याची कोल्ह्याची गोष्ट त्याच्याच शब्दात मोठ्या अक्षरात लिहून वाचायला द्यायची, दिवाळीच्या आत संपवायची.' तीन ओळी लिहायला वीस मिनिटं लागली. मग दुसऱ्या पोराचं पान घेतलं, मग तिसऱ्याचं, एक वाजेपर्यंत चार पोरं झाली. टायमरवालीच्या पानावर लिहिलं, 'घाई करते, घाई मी लावली.' हे साहेबांना दाखवायचं नाहीये.

सकाळी काय सुचलं कुणास ठाऊक, त्या कोल्हेवाल्या पानाचा फोटो काढून, नाव अंगठ्याने झाकून, ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बघा, असं पण लिहिता येतं. दहा-बारा अंगठे आले, एचएम सरांनी सुद्धा फूल पाठवलं. आणि ज्या मॅडमनी रात्री पीडीएफ मागितली होती त्यांचा परिपाठाच्या वेळी मेसेज आला, "खूपच छान मॅडम 🙏 बाकीच्या बावीस पण टाका ना, पीडीएफ करून."